कर्ण्यात गेलेला आवाज

आमच्या डॉक्टरांच्या डोळ्यांत बघायचं नाही, असा एक नियम पनवेलच्या बाजारात निदान दोन वर्षं तरी कसोशीने पाळला जात होता. औषध घ्यायचं, जीभ दाखवायची, नाडी द्यायची, सुई टोचून घ्यायची, पण डोळ्याला डोळा द्यायचा नाही. लोक दवाखान्यात शिरताना मान खाली घालून यायचे आणि माझ्या टेबलावर आदळायचे. मी त्यांचा कंपाउंडर. मिक्श्चरच्या बाटल्या सांभाळाव्यात की ही माणसं, हे मला कळेनासं झालं होतं.

कारण एवढंच, की डॉक्टर सहा-आठ महिने दर रविवारी मुंबईला आपल्या जुन्या शिक्षकांकडे जाऊन संमोहन शिकून आले होते. दम्याचा रोगी घाबरून आणखी धापा टाकतो, त्याला शांत करता येतं. दात काढायच्या आधीच जो थरथर कापतो, त्याचा कंप कमी करता येतो. काही जुनी दुखणी सोसवतात. त्यांचा दावा यापलीकडे नव्हता. मोडलेलं हाड याने जुळत नाही आणि टायफॉइड उतरत नाही, हे ते येईल त्याला सांगायचे. ज्याचं डोकं खरोखर बिघडलंय त्याला ते या प्रकारापासून लांबच ठेवायचे आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी द्यायचे. पण बाजाराने ठरवून टाकलं, की डॉक्टर मोहिनी शिकून आलेत. आणि ज्याला खरी मोहिनी येते तो माणूस ‘येते’ असं थोडंच सांगणार? त्यामुळे डॉक्टर जितकं नाही म्हणत तितका लोकांचा विश्वास पक्का होत गेला.

बाजारात एका कापडवाल्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्याच्याकडे काळा चष्मा होता. डॉक्टरांकडे जायचं झालं की लोक तो मागून न्यायला लागले. एका सकाळी तो मी चार वेगवेगळ्या नाकांवर पाहिला. चौथ्याला डॉक्टरांनी चष्मा काढायला लावला, तर त्याचे डोळे आलेले. ते दाखवायलाच तो बिचारा आला होता, पण दाखवायचे कसे या पेचात चष्मा लावून बसला होता. पुढच्या आठवड्यात तो चष्मा बाजारभर डोळे वाटत फिरला, आणि डॉक्टरांच्या नजरेने कसे डोळे येतात याचा पुरावा लोकांना घरोघरी मिळाला.

घाबरणारे परवडले, पण मागणं घेऊन येणारे नको व्हायचे. नेऱ्याहून एकजण आला. त्याची म्हैस धार काढताना लाथ मारायची, तिला जरा बसवा म्हणाला. एक हवालदार एका चोराला घेऊन आला आणि ह्याला झोपवून कबुली काढून द्या म्हणाला. चोर म्हणाला, मला चालेल, पण आधी हवालदारसाहेबांना झोपवा. डॉक्टरांनी दोघांनाही चहा पाजून परत पाठवलं. ते फार सज्जन होते. मी असतो तर म्हैस सोडून सगळ्यांना हाकललं असतं.

मी शहाणा होतो असं नाही. डॉक्टरांच्या कपाटातलं पुस्तक मी निम्मं वाचलं होतं, आणि निम्म्या वाचनाने माणसाला जो आत्मविश्वास येतो तो पूर्ण वाचून कधीच येत नाही. मी बाकावर बसलेल्या रोग्यांवर माझ्या नजरेचा प्रयोग सुरू केला. एका म्हाताऱ्याकडे मी एकटक बघत राहिलो. त्याचे डोळे मिटले, मान छातीवर आली. मला आनंदाने काय करावं ते सुचेना. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी म्हाताऱ्याच्या कपाळाला हात लावला आणि मला विचारलं, की ह्यांना एकशेतीन ताप आहे, तू यांच्याकडे इतका वेळ बघतोयस तर ते तुझ्या लक्षात कसं आलं नाही? त्यानंतर मी नजर बाटल्यांवर ठेवली.

हे सगळं गमतीचं होतं, माझ्या आत्याचा आवाज जाईपर्यंत.

आमचं गाव पनवेलहून उरणच्या बाजूला, खाडीकाठी. घराघरातली माणसं मिठागरावर. आमच्यात लग्न लावते ती धवलारीण. ही बाई हळदीपासून लग्नापर्यंत प्रत्येक विधीचे धवले म्हणते, म्हणजे गाणी. ती कुठे लिहिलेली नसतात. एकीच्या तोंडून दुसरीच्या कानात, अशी आलेली. देवांना बोलावणं असतं, खाडीला, डोंगराला असतं, आणि घरातल्या गेलेल्या माणसांनाही एकेकाला हाक मारून मांडवात बोलावलेलं असतं. तिने हाक मारली नाही तर ती माणसं येणार कशी, असा आमचा हिशेब. पंचक्रोशीत माझी आत्या ही धवलारीण. माझी आई मी सहा वर्षांचा असताना गेली. आत्या, म्हणजे माझ्या बापाची मोठी बहीण, विधवा होऊन माहेरीच होती. तिने मला वाढवलं, आणि तुझ्या हळदीत तुझ्या आयशीला मी हाक मारणार, असं ती मला लहानपणापासून सांगत आली होती. मी तसा फार श्रद्धाळू नाही. पण या एका गोष्टीवर मी वीस वर्षं डोळा ठेवून होतो.

माझं लग्न वैशाखात ठरलं. माघात गावात दुसरं एक लग्न होतं आणि तिथे पहिल्यांदा लाऊडस्पीकर आला. त्याचा कर्णा माडावर बांधला होता. आत्या धवला म्हणायला बसली, तेव्हा त्या स्पीकरवाल्याला तिचा मान करावासा वाटला. त्याने माईक उचलून तिच्या तोंडासमोर ठेवला. तिने पहिली ओळ म्हटली आणि तोच आवाज माडाच्या शेंड्यावरून आला. आत्याने वर पाहिलं. दुसरी ओळ तिने तोंडात आणली, पण घशातून ती बाहेर पडली नाही. ती तशीच वर बघत बसली. लग्न कसंबसं बायकांनी मिळून उरकलं.

घरी आल्यावर आत्या बोलायची नीट. जात्यावर बसली तर गुणगुणायचीही. पण चार माणसांपुढे धवला म्हणायला तोंड उघडलं, की घसा आवळायचा आणि कोरडा खोकला यायचा. गावात मग ज्याने त्याने निदान केलं. कुणी म्हणे नजर, कुणी म्हणे करणी. तिचं स्वतःचं मात्र ठाम होतं.

“माजा आवाज त्या कर्न्यान गेला,” ती म्हणाली. “तो आता परत नाय येनार.”

ही बातमी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या कानावर गेली. ते कर्नाळ्याच्या पायथ्याचे. पळस्पे फाट्यावर त्यांच्या दोन लॉऱ्या उभ्या असायच्या, आणि लॉऱ्या असलेला माणूस जसा बोलतो तसे ते बोलायचे. त्यांनी निरोप पाठवला, की धवलारीण आजारी असेल तर काही बिघडत नाही. आम्ही पनवेलहून भटजी आणतो, आणि आमच्याकडून लाऊडस्पीकर. सगळं व्यवस्थित होईल.

बापाने तो निरोप आत्याला सांगितला. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. निवडलेले तांदूळ तिने पुन्हा सुपात घेतले आणि पहिल्यापासून निवडायला लागली. ते बघून मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे जाऊन उभा राहिलो.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. घसा आधी तपासायला हवा, कदाचित तिथेच काही असेल, म्हणाले. मी त्यांना विचारलं, किती दिवसांत बरी होईल? वैशाखात हळद आहे. ते म्हणाले, ते मला माहीत नाही. मग मी विचारलं, एका बैठकीत होईल का? ते म्हणाले, तू पुस्तक वाचलंयस ना, उरलेलं निम्मंही वाच.

पहिल्या खेपेला आत्या बैलगाडीतून आली, आणि तिच्याबरोबर निम्मं गाव. गावात मोठी चर्चा होऊन एक निष्कर्ष निघाला होता. मोहिनी घातली की माणूस आत आत उतरत जातो, आणि डॉक्टरला परत आणता आलं नाही तर तो तिकडेच राहतो. आता मिठागराला खाडीचं पाणी घ्यायला जी उघाडी असते, तिच्यात गाळ अडकला तर माणूस आत उतरतो. तेव्हा त्याच्या कमरेला सुंभ बांधतात आणि एकजण बांधावर दुसरं टोक धरून बसतो. आत काही झालं की ओढून काढायचं. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली पद्धत. मोहिनीत उतरणाऱ्याला सुंभ नको? बापाने आत्याच्या मनगटाला सुंभ बांधला होता, चांगला अंगठ्याएवढा जाड, आणि दुसरं टोक घेऊन तो दवाखान्याच्या खिडकीबाहेर पाय रोवून उभा राहिला.

डॉक्टरांनी सुंभाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि राहू दे म्हणाले. घसा तपासला. स्वच्छ होता. मग त्यांनी आत्याला खाटेवर आरामात टेकून बसायला सांगितलं आणि एकच प्रश्न विचारला.

“मावशी, तुम्हाला कुठं बरं वाटतं?”

“कंचं बरं?”

“जिथं बसलं की जीव निवांत होतो, अशी एखादी जागा.”

मला वाटलं तिला प्रश्न कळला नाही, म्हणून मी मध्येच सांगितलं, की घरी, आमच्यात. डॉक्टरांनी मला हाताने गप्प केलं. आत्या बराच वेळ खाली बघत होती.

“बांदावर,” ती म्हणाली. “दुपारचं. सगली जेवाला गेली का.”

मग डॉक्टर तिला तिथेच घेऊन गेले. नजरेबिजरेचं काही काम नव्हतं. ते तिच्याकडे बघतही नव्हते. डोळे मिटून घ्या म्हणाले, श्वास जाताना ऐका म्हणाले. बांधावर ऊन कसं असतं, वारा कुठल्या बाजूने येतो, वाफ्यात मीठ कसं धरायला लागलंय, हे हळूहळू तिच्याकडूनच विचारून घेत गेले. आत्याचा चेहरा सैल पडला. तिचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. हात मांडीवरून सुटला आणि खाली लोंबला.

सुंभाला हिसका बसला. बाहेर बापाने ओळखलं, की बहीण बुडाली. त्याने सगळा जोर लावून ओढलं, मागच्या दोघांनी बापाला धरून ओढलं, आणि आत्या खाटेवरून सरकत खिडकीच्या दिशेने निघाली. मी तिचे पाय धरले. आत्याने डोळे उघडले, खिडकीकडे तोंड केलं आणि म्हणाली, “सोर रं. मी हितंच हाय.”

बाहेर आनंदीआनंद झाला. सुंभ होता म्हणून परत आली, असं पुढे दहा वर्षं गावात सांगत.

आत्या मात्र नाराज होती. मला झोप आलीच नाही, सगळं ऐकू येत होतं, तुझ्या डॉक्टरला नीट जमत नाही, असं तिने मला ऐकवलं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, झोप यायचीच नसते. ऐकू येतं, कळतं, नको वाटलं तर उठूनही जाता येतं. मग मोहिनी कसली, मी म्हणालो. ते म्हणाले, तेच मी दोन वर्षं सांगतोय.

दुसरी खेप आठवड्याने. या वेळी गावाने सुंभ आणला नाही, नारळ आणले. कारण आता निष्कर्ष बदलला होता. डोळे मिटून आत्या बसली होती, चेहरा बदलला होता, आवाज संथ झाला होता. मग हे अंगात येणंच की! आणि अंगात आलेल्याला गाव काय करतं? प्रश्न विचारतं. अंगात आलेला खोटं बोलूच शकत नाही. त्या दिवशी बायका खिडकीपाशी हळदकुंकू घेऊन रांगेने उभ्या राहिल्या. आणि रांगेत सगळ्यात मागे पांढरी टोपी घातलेले माझे होणारे सासरे. धवलारणीचं काय होतंय ते स्वतः बघावं म्हणून फाट्यावरून आले होते.

आत्या नुकती स्थिरावली होती, तेवढ्यात फाट्याकडून माणूस धावत आला. लॉरीखाली कुणाचा तरी पाय सापडला होता. डॉक्टरांनी पेटी उचलली. आत्याला म्हणाले, मावशी, तुम्ही निवांत बसा, वाटेल तेव्हा डोळे उघडा. मला म्हणाले, इथे थांब आणि कुणाला आत येऊ देऊ नकोस. मी कुणालाही आत येऊ दिलं नाही. खिडकीबद्दल ते काही बोलले नव्हते.

पहिल्या बाईने विचारलं, माझ्या शेवग्याच्या शेंगा कोण काढून नेतं? आत्याने डोळे उघडले नाहीत.

“तुजाच सासरा,” ती म्हणाली.

हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण आता ते सिद्ध झालं. दुसरीने विचारलं, मीठ उचलायच्या आधी पाऊस पडेल का? पराचा तवा परंल, असं उत्तर मिळालं आणि ती समाधानाने बाजूला झाली. एकीने सुनेबद्दल विचारलं, तेव्हा आत्याने सुनेऐवजी तिचेच चार गुण ऐकवले, आणि सून मागे उभी राहून ऐकत होती. आत्या पुढे काय बोलेल याचा नेम राहिला नव्हता, आणि रांग सरकत होती.

सासरे खिडकीशी आले. टोपी नीट केली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा आहे हे त्यांना दिसत होतं, तरी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“नवरा पोरगा कसा हाय?” त्यांनी विचारलं.

मी मॅट्रिकला दोनदा नापास झालो होतो आणि त्यांना एकदाच झालो असं सांगितलं होतं. बिडी ओढत होतो. एकदा दवाखान्यातलं गोड मिक्श्चर मी अर्धी बाटली पिऊन टाकलं होतं. हे सगळं आत्याला माहीत होतं. पुस्तकात लिहिलेलं, डॉक्टरांनी सांगितलेलं, सगळं मी त्या क्षणी विसरलो आणि इतर गावाइतकाच ठाम विश्वास माझाही बसला, की ही आता खरंच बोलणार.

“पोरगा भित्रा हाय,” आत्या म्हणाली. “दारू नाय पीत, भ्या वाटतं. भांडत नाय, भ्या वाटतं. बायकोला बरा.” मग थोडं थांबून म्हणाली, “आनि त्याच्या हलदीला धवले मीच म्हननार.”

सासऱ्यांनी खिडकीच्या गजांना हात लावून नमस्कार केला. भटजी नको, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. लाऊडस्पीकर मात्र हवाच, कारण तो त्यांनी आधीच सांगून ठेवला होता.

सगळे पांगल्यावर आत्याने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, की तुला कळत होतं का सगळं?

“न कलाला काय झालं?”

“मग तू गाणार हे खरं का खोटं?”

“ते मना काय ठावं,” ती म्हणाली. “त्याला आयकाचं व्हतं ते बोलली.”

डॉक्टर आल्यावर मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांना रागावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आजारी बाईला तू जत्रेत बसवलंस, म्हणाले. डोळे मिटलेला माणूस खरंच बोलतो हे तुला कुणी सांगितलं? माणूस रेशनच्या दुकानात जितकं खोटं बोलू शकतो, तितकंच इथेही बोलू शकतो. आणि आता तू तिच्या डोक्यावर ओझं ठेवलंस, की सगळ्यांदेखत कबूल केलेलं तिला करून दाखवायचंय. मी खाली बघून उभा राहिलो. भित्रा म्हणाली त्यात तिचं काहीच खोटं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी मलाही बाहेर बसवलं. आत काय झालं ते मला कळलं नाही. नंतर आत्या रोज दुपारी, लोक जेवायला गेले की, एकटी बांधावर जाऊन बसायला लागली. गावाने तिला मधूनमधून तिथे बघितलं आणि बाई मंत्र सिद्ध करतेय असं ठरवलं. मी तिला रोज विचारायचो, जमलं का? आली का ओळ? ती मान हलवायची. ती हो म्हणत होती की नाही, ते मला कधीच कळलं नाही. मी डॉक्टरांना शेवटचं विचारलं, की तुम्ही खात्री देता ना? ते म्हणाले, नाही.

हळदीचा दिवस उजाडला. मुलीचा बाप नवऱ्याच्या हळदीला येतो, अशी रीत नाही. पण सासरे स्वतःच्या लॉरीतून लाऊडस्पीकर घेऊन आले. कर्णा आमच्या दारच्या माडावर चढला. डॉक्टरही आले. गावाने त्यांना आत्याच्या अगदी समोर खुर्ची मांडून दिली, कारण नजर सरळ पडायला हवी. डॉक्टर उठून मागे बसायला गेले, लोकांनी पुन्हा पुढे आणलं. शेवटी त्यांनी रागाने खुर्चीच उलटी फिरवली आणि पाठ करून बसले. लोक म्हणाले, बघा, किती जोर असेल, पाठ करूनही मोहिनी घालतायत.

मला पाटावर बसवलं. अंगाला हळद लागली. आत्या आली, माझ्या बाजूला बसली. स्पीकरवाला माईक घेऊन पुढे झाला. आत्याने कर्ण्याकडे पाहिलं, आणि तिचा गळा हललेला मला दिसला. तो कोरडा खोकला आला. एकदा, दोनदा. मी पाटावर बसून आईला काय सांगावं याचा विचार करायला लागलो होतो.

आत्या उठली. मला वाटलं, संपलं. पण ती मांडवाच्या पश्चिमेच्या अंगाला गेली. तिथे ऊन लागू नये म्हणून चादरी बांधल्या होत्या.

“ह्या सोरा,” ती म्हणाली.

बापाने चादरी सोडल्या. ऊन आत आलं, आणि खाडीवरचा वारा आला. समोर मिठागरं दिसायला लागली. दुपारची वेळ, बांधावर कुणी नव्हतं. मग तिने स्पीकरवाल्याला बोलावलं आणि कर्ण्याचं तोंड तिकडे फिरवायला सांगितलं. तो म्हणाला, तिकडे ऐकायला कोण आहे? ती म्हणाली, तुला काय करायचंय? तो माडावर चढला आणि कर्णा फिरवला. जायचाच असेल आवाज, तर तिकडे जाऊ दे, असं ती आपल्याशीच बोलली. ते मी ऐकलं.

ती खाली बसली, डोळे मिटले, आणि मिटूनच राहिली. किती वेळ ते मी सांगू शकत नाही. सासऱ्यांनी घड्याळ काढलं आणि परत खिशात ठेवलं. मग आत्याने पहिली ओळ म्हटली. खरखरीत निघाली. दुसरी जरा बरी. तिसऱ्या ओळीला तिचा आवाज जागेवर आला, आणि तो खाडीकडे निघून गेला. देव झाले, डोंगर झाला, खाडी झाली. मग घरातल्या माणसांना हाका सुरू झाल्या. माझ्या आजाचं नाव आलं, आजीचं आलं, आणि मग माझ्या आईचं. आईचं नाव त्या घरात वीस वर्षांत कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं, आणि आता ते सगळ्या मिठागरांवर ऐकू जात होतं. मी रडलो. हळदीतच रडलो, सासऱ्यांदेखत. भित्रा तर ठरलोच होतो.

त्यानंतर डॉक्टरांची मोहिनी दहा गावांत गाजली. त्यांच्या दारात इतके लोक यायला लागले, की त्यांनी वैतागून काही वर्षं तो प्रकारच बंद ठेवला. मी ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. त्यात नवं काही नव्हतं. डॉक्टर जे सांगत होते तेच होतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी आत्या अंथरुणाला खिळली, तेव्हा एका दुपारी मी तिच्यापाशी बसलो होतो. मी तिला विचारलं, की खरं सांग, डॉक्टरने तेव्हा तुला काय केलं?

“काय नाय केलं त्यानं,” ती म्हणाली. “त्यानं इचारलं, तुला कुठं बरं वाटतं. माज्या उभ्या जन्मान मना कोनी इचारलं नव्हतं.”

मी तिच्या हाताखाली वाढलो, तिच्या हातचं जेवलो, माझ्या हळदीसाठी तिला तीनदा गाडीत घालून नेलं, आणि रोज तिला विचारलं ते एकच, की जमलं का. प्रश्न माझ्यासमोर विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तरही तिच्या आधी मीच देऊन टाकलं होतं. मी तिला उठवून बसवलं. आता तुला कुठे बरं वाटतं, असं विचारलं. तिने खिडकीकडे हात केला. बांधापर्यंत चालणं आता तिला जमण्यासारखं नव्हतं. मी आणि बापाने तिची खाट उचलली आणि पश्चिमेच्या दाराशी नेऊन ठेवली.

“आता तुमी जा जेवाला,” ती म्हणाली.

आम्ही गेलो.